फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमधील पारेषण तेलाची गळती

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमधील पारेषण तेलाची गळती म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणाऱ्या मालवाहू वाहनाच्या गिअरबॉक्समधून, ट्रान्स्फर केसमधून अथवा त्यांना जोडलेल्या नळ्यांमधून वंगणतेल झिरपणे वा ठिबकणे होय. केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या ट्रकच्या तुलनेत अशा वाहनात पेट्या, शाफ्ट व सांधे अधिक असतात. त्यामुळे तेल निसटण्याच्या जागाही वाढतात. गळतीचे सर्वांत परिचित कारण म्हणजे ऑइल सील खराब होणे. मात्र सील अनेकदा आपोआप खराब होत नाही. तुंबलेला ब्रीदर, ढिले झालेले बेअरिंग, खाच पडलेला शाफ्ट किंवा प्रमाणाबाहेर भरलेले तेल यांमुळे ते निकामी होते. मूळ कारण न शोधता नुसते सील बदलल्यास गळती थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू होते. म्हणून या दुरुस्तीत निदानाला सुटा भाग बदलण्याइतकेच महत्त्व आहे.

महाराष्ट्रात जीपच्या वंशातील वाहने, फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप, लष्कराचे ट्रक तसेच चारही चाकांवर चालणारे ट्रॅक्टर यांमध्ये ही दुरुस्ती नेहमी करावी लागते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुका व त्यातील चारठाणा परिसरासारख्या काळ्या जमिनीच्या भागात चिखल, धूळ व उन्हाळ्यातील उष्णता यांमुळे सीलांवर विशेष ताण येतो.

संज्ञा

पारेषण म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा. तिच्यातील तेल वाहनाच्या प्रकारानुसार निरनिराळे असते. हाताने गिअर बदलण्याच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा दाट 'गिअर ऑइल' वापरतात. त्याचा दाटपणा ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० अशा एसएई श्रेणींनी, तर दाब सोसण्याची क्षमता जीएल-४, जीएल-५ अशा एपीआय श्रेणींनी दर्शविली जाते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये 'एटीएफ' नावाचे पातळ तेल असते. ते वंगणाचे काम करतेच, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधून शक्ती वाहून नेते आणि आतील क्लच दाबण्यासाठी लागणारा दाबही पुरविते. ट्रान्स्फर केसमध्ये निर्मात्याच्या सूचनेनुसार यांपैकी एक तेल असते.

गॅरेजच्या बोलीत गळतीचे तीव्रतेनुसार तीन प्रकार करता येतात. केवळ ओलसर डाग दिसणे म्हणजे पाझर, वाहन उभे असताना जमिनीवर थेंब पडणे म्हणजे ठिबक आणि सलग प्रवाह असणे म्हणजे धार. पाझरावर लक्ष ठेवून काही काळ वाहन चालविता येते. ठिबक असल्यास तेलाची पातळी तपासून लवकर दुरुस्ती करावी लागते. धार लागल्यास वाहन जागीच थांबवावे लागते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांचा प्रसार मुख्यतः जीपमुळे झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालेल्या विलिस जीपच्या धर्तीवरील वाहनांची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे सुरू झाली. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे नाव घेतलेल्या कंपनीने पुढे सीजे-३बी या विलिस नमुन्याचे उत्पादन परवान्याखाली दीर्घकाळ केले. या घराण्यातील वाहने शासकीय खाती, पोलीस, वनविभाग आणि ग्रामीण प्रवासी वाहतूक अशा सर्व ठिकाणी वापरली गेली. २०१० मध्ये बाजारात आलेल्या थारने ही परंपरा पुढे नेली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत स्वयंचलित गिअरबॉक्सचाही पर्याय होता. त्यामुळे जीपच्या दुरुस्तीत मुरलेल्या मिस्त्रींना एटीएफची हाताळणीही शिकावी लागली.

मोठ्या ट्रकांमध्ये जर्मनीतील 'मान' कंपनीच्या परवान्याखाली जबलपूर येथे बनलेला शक्तिमान, अशोक लेलँडचा स्टॅलियन व टाटा एलपीटीए ७१३ हे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक भारतीय लष्कराने वापरले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळा आहे. सेवेतून बाद झालेली लष्करी वाहने लिलावाने विकली जातात व त्यांपैकी काही नागरी वापरात येतात. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या अशा वाहनांत सीलांचे रबर वाळून कडक झालेले असते आणि वाहन पुन्हा चालू लागल्यावर गळती सुरू होते.

रचना व गळतीच्या जागा

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये इंजिनामागे क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर, त्यामागे गिअरबॉक्स आणि त्याला जोडून ट्रान्स्फर केस असते. ट्रान्स्फर केस शक्तीची विभागणी करते. एक प्रोपेलर शाफ्ट मागील ॲक्सलकडे व दुसरा पुढील ॲक्सलकडे जातो. फिरणारा शाफ्ट जेथे पेटीबाहेर येतो तेथे ऑइल सील बसविलेले असते. ऑइल सील म्हणजे धातूच्या कड्यावर बसविलेली रबराची ओठासारखी कडा. एक बारीक गोल स्प्रिंग ती शाफ्टवर दाबून धरते.

गळतीच्या प्रमुख जागा पुढीलप्रमाणे आहेत.

• गिअरबॉक्सचे पुढील सील: येथून निसटलेले तेल क्लचच्या घुमटात उतरते व त्याच्या तळाच्या छिद्रातून ठिबकते.
• गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांमधील सील: हे खराब झाल्यास तेल बाहेर न पडता एका पेटीतून दुसरीत जाऊ शकते.
• ट्रान्स्फर केसचे पुढील व मागील आउटपुट सील.
• गिअर लिव्हरच्या दांड्यांची सीले व स्पीडोमीटर केबलची जोडणी.
• ड्रेन प्लग, फिलर प्लग आणि त्यांचे वॉशर.
• स्वयंचलित गिअरबॉक्सचा तळाचा पॅन व त्याचे गॅस्केट.
• एटीएफ थंड करण्यासाठी रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या, होज व त्यांचे सांधे.
• पेटीच्या दोन भागांमधील पॅकिंग, तसेच दगडाच्या माराने तडा गेलेले कास्टिंग.

ॲक्सलच्या पिनियन सीलमधून होणारी गळती पारेषणाच्या गळतीसारखीच दिसते, परंतु ती डिफरेन्शियलच्या स्वतंत्र तेलाची असते.

कारणे

झीज व उष्णता. सामान्य नायट्राइल रबराचे सील सतत सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिल्यास कडक होऊ लागते. कडक झालेली कडा शाफ्टच्या सूक्ष्म हालचालींबरोबर हलत नाही आणि फटीतून तेल निसटते. अधिक उष्णता सोसण्यासाठी फ्लुओरोकार्बन रबराची सीले मिळतात. ती महाग असतात.

तुंबलेला ब्रीदर. वाहन चालू लागल्यावर पेटीतील हवा तापून प्रसरण पावते. ती बाहेर जावी म्हणून पेटीच्या माथ्यावर ब्रीदर नावाचे छोटे छिद्र किंवा नळी असते. चिखलाने ब्रीदर बंद झाल्यास आतील दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत सीलमधून बाहेर ढकलले जाते. नवीन सीलही या दाबापुढे टिकत नाही. दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू होणाऱ्या गळतीच्या प्रसंगी ब्रीदर आधी पाहावा लागतो. त्याची तपासणी काही मिनिटांत होते. तरीही ती सर्वाधिक वेळा विसरली जाते.

शाफ्टवरील खाच. दीर्घ वापराने सीलच्या कडेखाली शाफ्टवर किंवा योकवर गोल खाच पडते. नवीन सील जुन्याच खाचेवर बसल्यास त्याची पकड अपुरी पडते.

बेअरिंगचा ढिलेपणा. बेअरिंग झिजल्यास शाफ्ट मध्यापासून हलतो. युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस झिजल्याने किंवा प्रोपेलर शाफ्ट असंतुलित झाल्यानेही कंपन निर्माण होते व सील एका बाजूने खाल्ले जाते.

चुकीचे किंवा अधिक तेल. गरजेपेक्षा जास्त भरलेले तेल फेसाळते, तापते व ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येते. अयोग्य प्रकारच्या तेलाने काही रबरे फुगतात किंवा आकसतात.

चालविण्याची पद्धत. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवल्यास पुढील व मागील चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापता येत नाही. त्यामुळे शाफ्ट, गिअर व बेअरिंगे यांवर पीळ चढतो आणि तो अंतिमतः सीलांपर्यंत पोहोचतो.

मराठवाड्यातील परिस्थिती

चारठाणा हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील, प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. पूर्णा नदीवरील येलदरी धरण याच तालुक्यात आहे. जिल्ह्यातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व अत्यंत चिकट होते. उन्हाळ्यात तीच आकसून तिला खोल भेगा पडतात. शेतापर्यंत जाणाऱ्या पाणंद रस्त्यांना मराठवाड्यात पांदण म्हणतात. खडीकरण न झालेल्या पांदणीतून पावसाळ्यात साधे वाहन जात नाही. अशा रस्त्यांच्या कामासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' सुरू केली.

या परिस्थितीचे पारेषणावर तीन परिणाम होतात. पहिला, काळा चिखल पेटीवर व ब्रीदरवर थापला जातो, वाळून घट्ट होतो आणि पेटीची उष्णता व हवा दोन्ही कोंडतो. दुसरा, शाफ्टभोवती गवत, पाचट, सुतळी किंवा खतांच्या गोण्यांचे धागे गुंडाळले जातात व सीलच्या कडेत शिरून ती कापतात. तिसरा, ओढा ओलांडताना तापलेली पेटी पाण्यात एकदम थंड होते, आतील हवा आकसते आणि खराब सीलमधून वा आखूड ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. ज्या वाटेने तेल बाहेर पडते त्याच वाटेने पाणी आत येते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते व त्याची वंगणशक्ती नष्ट होते.

उन्हाळ्यात परभणीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कापूस, सोयाबीन किंवा ऊस यांच्या भाराने संथ गतीने चालणाऱ्या वाहनाला वाऱ्याचा थंडावा कमी मिळतो आणि तेलाचे तापमान अधिक चढते.

परिणाम व धोके

तेल कमी झाल्यास वरच्या बाजूचे गिअर व बेअरिंगे यांना वंगण पोहोचत नाही. प्रथम आवाज वाढतो, नंतर गिअर अडकू लागतात आणि शेवटी बेअरिंग जळून पेटी जाम होते. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये तेलाचे प्रमाण जेमतेम दीड लिटरच्या आसपास असल्याने लहान ठिबकही काही आठवड्यांत धोकादायक ठरू शकते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल कमी होताच दाब घटतो. गिअर घेण्यास विलंब होतो, क्लच घसरतात व जळतात.

पुढील सीलची गळती क्लच प्लेटपर्यंत पोहोचल्यास क्लच घसरतो किंवा धक्के देतो. तेल गरम सायलेन्सरच्या नळीवर पडल्यास धूर होतो व आगीचाही संभव असतो.

विलिस घराण्यातील जीपांमध्ये गळतीचा आणखी एक गंभीर परिणाम संभवतो. या वाहनांत हँडब्रेकचा ड्रम मागील चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील आउटपुट शाफ्टवर असतो. त्याच जागेचे सील गळू लागल्यास तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरते आणि हँडब्रेक धरेनासा होतो. घाटात किंवा धरणाच्या उतारावर भरलेले वाहन उभे करताना याचा अर्थ थेट जीवितहानीचा धोका असा होतो. म्हणून या जागेची गळती थोडी असली तरी ती तेलखर्चाचा नव्हे, ब्रेकचा दोष मानली जाते. तेल प्यालेले लायनिंग धुऊन पुन्हा वापरणे असुरक्षित असते. ते बदलावे लागते.

निदान

प्रथम तेल कोणते आहे हे ठरवितात. एटीएफ बहुधा लाल असते व जुने झाल्यावर तपकिरी होते. गिअर ऑइल दाट, पिवळसर-तपकिरी असते आणि त्याला गंधकयुक्त मिश्रणामुळे उग्र वास येतो. इंजिन ऑइल डिझेल वाहनात काळे असते. ब्रेक व क्लचचे तेल पातळ असून त्याने रंग उखडतो. अनेक वाहनांत पॉवर स्टिअरिंगमध्येही एटीएफ वापरतात. त्यामुळे केवळ लाल रंगावरून गिअरबॉक्सला दोष देता येत नाही.

दुसरी पायरी स्वच्छतेची. धावत्या वाहनाखालील वारा तेलाला मागे पसरवितो, म्हणून जमिनीवर थेंब जेथे पडतो त्याच्या वरच गळतीचे मूळ असेल असे नाही. संपूर्ण पेटी डिझेल किंवा डिग्रीझरने धुऊन कोरडी करतात. नंतर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरून वाहन थोडे चालवितात. पुडीवर सर्वांत वर व सर्वांत पुढे उमटलेली ओल हे मूळ स्थान असते. रात्रभर वाहनाखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून पुढील चाकांची जागा त्यावर खूण करून ठेवल्यास थेंबाचे स्थान कळते. अतिसूक्ष्म पाझरासाठी तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील प्रकाशाच्या दिव्याने पाहतात.

तिसरी पायरी पातळीची. गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस या दोन्हींची पातळी तपासतात. गिअरबॉक्सची पातळी उतरलेली व ट्रान्स्फर केसची चढलेली आढळल्यास मधले सील निकामी झाले असल्याचा संशय येतो. अशा वेळी ट्रान्स्फर केसचे बाहेरचे सील कितीही वेळा बदलले तरी जादा तेल बाहेर येतच राहते. काही जुन्या जीपांत मात्र दोन्ही पेट्यांतील तेल एकमेकांत जाण्याची वाट रचनेतच ठेवलेली असते. म्हणून निर्मात्याचे मार्गदर्शक पुस्तक पाहूनच निष्कर्ष काढतात.

शेवटी ब्रीदर उघडून फुंकर मारून पाहतात आणि योक हाताने वर-खाली हलवून बेअरिंगचा ढिलेपणा अजमावितात.

दुरुस्ती

सुरक्षेची तयारी

फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाखाली काम करताना काही धोके विशेष असतात. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असल्यास गिअरबॉक्स गिअरमध्ये किंवा 'पी' स्थितीत ठेवूनही वाहन अडत नाही, कारण चाकांशी असलेला संबंधच तुटलेला असतो. ट्रान्स्फर केसवर हँडब्रेक असलेल्या वाहनाचा मागील प्रोपेलर शाफ्ट सोडताच तो ब्रेक निरुपयोगी होतो. तसेच अशा वाहनाचे एक मागील चाक जॅकने उचलल्यास हँडब्रेक ओढलेला असूनही वाहन घरंगळू शकते; डिफरेन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते व टेकलेले चाक मोकळे होते.

म्हणून वाहन सपाट व कठीण जमिनीवर उभे करून चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळ्यांची पाचर लावतात. वजन जॅकवर न ठेवता चेसिसखाली लोखंडी स्टँड देतात. मोकळ्या काळ्या जमिनीत स्टँड रुतत असल्याने खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा आवश्यक असतो. एक ॲक्सल उचललेला असताना इंजिन सुरू करून गिअर टाकून पाहणे टाळतात. फोर-व्हील ड्राइव्ह लागलेला असल्यास जमिनीवरील चाके वाहन जॅकवरून खाली ओढतात.

तेल काढणे

तेल कोमट असताना सहज निघते. ड्रेन प्लग सोडण्यापूर्वी फिलर प्लग उघडून पाहण्याचा नियम आहे. गंजलेला फिलर प्लग न उघडल्यास रिकामी झालेली पेटी पुन्हा भरता येत नाही व वाहन जागीच अडकते. निघालेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यातील कण चुंबकाने तपासतात. करड्या लेपासारखी बारीक धूळ सामान्य झीज दर्शविते. चकाकणारे तुकडे किंवा पत्र्यासारखे कपचे आढळल्यास पेटी उघडणे भाग असते.

आउटपुट सील बदलणे

प्रोपेलर शाफ्टची फ्लँज व योक यांवर समोरासमोर खूण करून बोल्ट सोडतात, जेणेकरून जोडताना संतुलन बिघडणार नाही. सुटलेला शाफ्ट लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवतात. मधला नट सोडून योक पुलरने ओढून काढतात. हातोड्याने ठोकल्यास बेअरिंगला इजा होते.

जुने सील काढताना त्याच्या बैठकीवर ओरखडा पडणार नाही याची काळजी घेतात. नंतर योकचा पृष्ठभाग पाहतात. हलका गंज बारीक पॉलिश कागदाने निघतो. नखाला जाणवणारी खाच असल्यास योक बदलतात किंवा त्यावर पातळ पोलादी बाही चढवितात.

नवीन सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवून कडेला थोडे तेल लावतात. कोरडे सील पहिल्याच फेऱ्यांत जळते. सील तिरपे जाऊ नये म्हणून त्याच्या बाहेरील व्यासाएवढ्या नळीने किंवा सॉकेटने सर्व बाजूंनी सारखे ठोकत बसवितात. थेट हातोडा मारल्यास त्याचे पत्र्याचे कडे वाकते. योकच्या आतील आऱ्यांमधून तेल बाहेर येत असल्यास तेथे सीलंट लावतात. नट निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कने आवळून नवीन स्प्लिट पिन घालतात.

ॲक्सलच्या पिनियन सीलसाठी हीच रीत वापरताना अधिक सावधगिरी लागते. काही ॲक्सलांत नट आवळण्यावरच बेअरिंगवरील पूर्वदाब अवलंबून असतो. नट जास्त आवळल्यास बेअरिंग जळते.

पॅन व नळ्या

स्वयंचलित गिअरबॉक्सचा पॅन काढल्यावर फिल्टर बदलतात. जुने गॅस्केट पूर्णपणे खरडून पॅनच्या कडा सपाट आहेत की नाहीत हे पाहतात. बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. ठिबक थांबत नाही म्हणून बोल्ट अधिकाधिक घट्ट करणे ही नित्य चूक आहे. त्याने पॅन वाकतो व गळती वाढते. रबरी गॅस्केटवर सिलिकॉन सीलंट थापल्यास त्याचे तुकडे आत जाऊन तेलाच्या वाटा बंद करू शकतात. नळ्यांच्या सांध्यांवरील तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर दर वेळी नवीन घालतात.

पुढील सील व मधले सील

ही सीले बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ट्रान्स्फर केस जोडलेली असल्याने वजन बरेच वाढते व तोल मागे जातो; म्हणून शक्य तेथे ट्रान्स्फर केस आधी वेगळी करतात आणि गिअरबॉक्सच्या खास जॅकचा वापर करतात. स्वयंचलित गिअरबॉक्स परत बसविताना टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण खोलवर बसल्याची खात्री करतात. तो अर्धवट बसला असता बोल्ट आवळल्यास पंप फुटतो.

पेटीचा तडा

ॲल्युमिनियमच्या पेटीचा तडा टिग वेल्डिंगने सांधता येतो. त्यासाठी पेटी उघडून तेलाचा अंश पूर्ण काढावा लागतो. बिडाच्या पेटीला आधी तापवून व नंतर हळूहळू थंड करून वेल्डिंग करतात. बेअरिंगच्या बैठकीतून गेलेला तडा सांधण्याऐवजी पेटी बदलणे सुरक्षित समजले जाते.

तेल भरणे व चाचणी

वाहन सपाट उभे करून हाताने गिअर बदलण्याच्या गिअरबॉक्समध्ये व ट्रान्स्फर केसमध्ये फिलर छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरतात. एटीएफची पातळी निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला व बहुधा इंजिन चालू ठेवून पाहतात. जीएल-५ तेलातील काही मिश्रणे कित्येक जुन्या गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपायकारक ठरतात, म्हणून 'वरच्या क्रमांकाचे तेल अधिक चांगले' हा समज चुकीचा आहे. दुरुस्तीनंतर वाहन टू-व्हील ड्राइव्हवर चालवून पाहतात. फोर-व्हील ड्राइव्हची चाचणी मऊ किंवा सैल जमिनीवर घेतात. पेटी तापल्यानंतर सांधे पुन्हा तपासून पातळी पाहतात व दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची चाचणी परत करतात.

तात्पुरते उपाय

बाजारात मिळणारी गळतीरोधक मिश्रणे रबर फुगवून सीलची पकड वाढवितात. कडक झालेल्या सीलचा पाझर त्यांनी काही काळ थांबू शकतो. फाटलेले सील, खाच पडलेला शाफ्ट किंवा तुंबलेला ब्रीदर यांवर त्यांचा उपयोग नाही. दगडाने पडलेल्या लहान छिद्रावर दोन भागांची धातुमिश्रित इपॉक्सी लावून वाहन गॅरेजपर्यंत नेता येते. गावापासून दूर असताना योग्य तेलाचा एक डबा सोबत ठेवून वारंवार पातळी भरत जाणे हा सर्वांत विश्वसनीय तात्पुरता उपाय होय.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले वंगणतेल हा २०१६ च्या केंद्रीय घातक कचरा नियमांनुसार घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात यावरील देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. ग्रामीण भागात असे तेल धूळ दाबण्यासाठी जमिनीवर ओतण्याची किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची प्रथा आढळते. जमिनीवर ओतलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात व विहिरीत जाऊ शकते. काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगांतून ते अधिक खोल उतरते. पिण्याचे पाणी विहिरी व बोअरवर अवलंबून असलेल्या गावांत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रतिबंध

पावसाळ्यानंतर वाहनाचा तळ धुऊन ब्रीदर स्वच्छ करणे, शाफ्टभोवतीचे गवत व सुतळी काढणे आणि खोल पाण्यातून गेल्यावर तेलाचा रंग पाहणे या तीन सवयींनी बहुतांश गळत्या टळतात. धुताना उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा थेट सीलवर किंवा ब्रीदरवर मारत नाहीत. वारंवार ओढे ओलांडणाऱ्या वाहनात ब्रीदरला लांब नळी जोडून तिचे तोंड बोनेटखाली उंचावर नेतात. दीर्घकाळ उभे राहणारे वाहन अधूनमधून थोडे चालविल्यास सीलांना तेल लागते व त्यांचा मऊपणा टिकतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मेकॅनिक मोटर व्हेइकल व मेकॅनिक ट्रॅक्टर या व्यवसाय-अभ्यासक्रमांत पारेषणाची देखभाल शिकविली जाते. तरीही ग्रामीण भागात हे ज्ञान मुख्यतः गॅरेजमध्ये, मिस्त्रीच्या हाताखाली काम करीत मिळविले जाते.

हे सुद्धा पहा

• गिअरबॉक्स
• डिफरेन्शियल
• वंगण
• जीप
• चारठाणा
• रेगूर मृदा